पुरा कोर्स

बाबांच्या औषधाच्या दुकानात कात्री नव्हती. इतर दुकानांत जिथे दोरीला बांधलेली कात्री लटकते, तिथल्या खिळ्याला आमच्याकडे बाबांची टोपी असायची. दुसरीकडे गिऱ्हाईक म्हणतं, "सध्या दोनच द्या, बघू," आणि दुकानदार कचकन स्ट्रिप कापून हातावर ठेवतो. बाबा म्हणायचे, "बघू? काय बघू? हा काय सिनेमा आहे, मध्यंतरात उठून जायला?" अँटिबायोटिक असेल तर पुरा कोर्स घ्या, नाहीतर पुढचं दुकान बघा. पुढचं दुकान कोपऱ्यावरच होतं आणि तिथली कात्री चांगली धारदार होती. त्यामुळे आमचं दुकान कधी फार मोठं झालं नाही, पण बाबांना नाव मिळालं. सगळी वस्ती त्यांना कोर्सकाका म्हणायची.

या हट्टामागे एक पोस्टमन होता. बाबा तेव्हा नवे दुकानदार, आणि कात्री होती काउंटरवर. पोस्टमनच्या टाचेत खिळा घुसून जखम चिघळलेली. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. तो म्हणाला, "अर्ध्याच द्या, बरं वाटलं तर उरलेल्या कशाला?" बाबांनी कापून दिल्या. बरं वाटलं. मग पुन्हा चिघळलं, आणि आता ती जखम कुठल्याच कॅप्सूलला दाद देईना. शेवटी पाय गुडघ्याखालून गेला. त्या माणसाने बाबांना एका शब्दाने दोष दिला नाही. उलट कुबड्या टेकत दुकानात गप्पा मारायला यायचा, आणि तेच बाबांना सोसवत नसे. कात्री त्यांनी घरी आणली. आईने त्याच कात्रीने माझे फ्रॉक बेतले.

आई बायकांना सायकल शिकवते. हा तिचा धंदा नाही, खोड आहे. पन्नाशीच्या, साठीच्या बायका, ज्यांना लहानपणी कुणी सायकलला हात लावू दिला नाही, त्या तिच्याकडे येतात. मैदानाच्या कडेने ती त्यांच्यामागे कॅरियर धरून पळते, आणि बाई जरा सावरली की न सांगता हात सोडते. बाई ओरडते, "धरलंय ना?" आई लांब मागे कमरेवर हात ठेवून उभी असते आणि तिथूनच ओरडते, "धरलंय, धरलंय!" तिच्या मते जगात एवढी एकच थाप मारावी.

तर एका बँकेतल्या बाईंना संशय आला. त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि आई खरोखरच धरून पळत होती हे बघून इतक्या चकित झाल्या की दोन्ही ब्रेक दाबले. आई सायकलवर, सायकल बाईंवर, आणि आईचा उजवा पाय चाक आणि गटाराच्या कठड्याच्या मधे. घोटा दोन्ही बाजूंनी मोडला.

"खरं धरलं की असं होतं," आई स्ट्रेचरवरून म्हणाली.

हाडांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या, आवाज खालचा, नखं मुळापर्यंत कापलेली. म्हणाल्या, सूज उतरली की ऑपरेशन करू, प्लेट आणि स्क्रू घालावे लागतील. दुसरा कुठलाही नवरा विचारेल, पुन्हा चालता येईल ना? बाबांनी विचारलं, "अँटिबायोटिक कुठलं आणि किती दिवस?"

"दिवस नाही, काका. एक डोस, शिरेतून. काप घ्यायच्या आधी."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मी मधे पडून भाषांतर करावं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आईच्या मांडीवर हवेतच हाताने एक वेढा दाखवला. "ऑपरेशनच्या वेळी इथं पट्टा आवळतो आम्ही, रक्त थांबवायला. पट्टा आवळला की खाली रक्त नाही, म्हणजे औषधही नाही. म्हणून आधी औषध द्यायचं, ते पायात पोचू द्यायचं, मग पट्टा, मग काप. काप घेतो तेव्हा जंतू आत शिरायला बघतात, त्या वेळी औषध तिथं हजर पाहिजे. जखम शिवून झाल्यावर देत बसणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला."

"पण प्लेट आत राहणार. परकी वस्तू."

"प्लेट असली तरी. जखम बंद झाल्यावर जास्तीचं औषध देऊन पाय वाचत नाही, काका. पोट बिघडतं फक्त. आपल्या पोटात चांगलेही जंतू असतात, ते मरतात आणि वाईटांना रान मोकळं मिळतं."

बाबांनी मान हलवली. ही त्यांची काउंटरवरची मान. गिऱ्हाईक 'माझी मावशी याच दुखण्याला हळद लावायची' म्हणालं की ते अशी मान हलवायचे.

परत येताना गाडीत म्हणाले, "बाई हुशार आहेत. पण तरुण आहेत."

"माझ्या वयाच्या आहेत, बाबा."

"तेच म्हणतोय मी."

त्यांना हसू आलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत, बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत म्हणाले, "एक डोस. एक म्हणजे अर्धासुद्धा नाही. आपण स्वतः जंतूंना शिकवून सोडतोय, की बघा रे, हे औषध असं असतं, आता तयारीला लागा."

ऑपरेशनच्या सकाळी आईच्या केसांवर हिरवी टोपी होती आणि तिने बांगड्या माझ्याकडे दिल्या होत्या. ट्रॉली दारापाशी थांबली. आतून भूल देणारे डॉक्टर आले, तेव्हा बाबांनी त्यांची बाही धरली. "इंजेक्शन पट्ट्याच्या आधी ना?"

"आधीच, काका. आत्ता नेलं की लगेच."

"नक्की?"

"अहो, सोडा त्यांना," आई म्हणाली. "त्यांनी तुमच्या दुकानात येऊन गल्ला मोजला तर चालेल का?" मग तिने बाबांचा हात हातात घेतला, आणि तिच्या आवाजातली थट्टा एकदम गेली. "धरलंय ना?"

"धरलंय," बाबा म्हणाले.

दार लागलं. ते कितीतरी वेळ हात तसाच पुढे धरून उभे होते.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, इंजेक्शन वेळेवर गेलं, हाडं नीट बसली, जखम स्वच्छ आहे. घरी सोडताना हातात कागद दिला: दुखणं कमी करायची गोळी, रक्त गोठू नये म्हणून एक, पोट साफ व्हायला एक. बाबांनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू वाचली, आणि घडी घालून खिशात ठेवला.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण गोष्ट सरळ सांगायची तर ते इथेच सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात गेले आणि हाडात चांगली उतरते अशी एक अँटिबायोटिक कॅप्सूल घेऊन आले. पुरा कोर्स. सगळ्या आयुष्यात त्यांनी कुणा डॉक्टरच्या चिठ्ठीत कधी फेरफार केला नव्हता. एखाद्या डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर दुकान तसंच उघडं टाकून त्याच्या दवाखान्यात विचारायला जायचे. त्या माणसाने चिठ्ठीबाहेरचं औषध दिलं ते एकदाच, आणि ते स्वतःच्या बायकोला.

ते लपवणं सोपं होतं, कारण आमच्या घरात औषध द्यायची एक रीत होती. बाबा बाटलीच्या एका पांढऱ्या झाकणात गोळ्या काढायचे, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, आणि आईसमोर उभे राहायचे. आई झाकण ओठांना लावून सगळं एकदम तोंडात टाकायची. नाव विचारायची नाही, कशाचं ते विचारायची नाही. मी एकदा तिला रागावले होते, की निदान बघ तरी काय घेतेस. ती म्हणाली, "जो माणूस सगळ्या गावाला 'जेवणाआधी की जेवणानंतर' सांगतो, त्याला घरी येऊन पुन्हा परीक्षेला कशाला बसवायचं?"

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि खूश झाल्या. "काय सुंदर भरलीय. शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवावी अशी." बाबा जिना उतरताना शीळ घालत होते. कोंबड्याने आरवावं आणि लगेच सूर्य उगवावा, मग त्याची समजूत कोण घालणार?

त्याच आठवड्यात आईला जुलाब सुरू झाले.

आधी तिने ते हसण्यावारी नेलं. "पायाला सुट्टी आहे तर पोट जास्तीचं काम करतंय." पण ज्या बाईला एक पाय जमिनीला टेकवायची परवानगी नाही तिला जुलाब होणं ही हसायची गोष्ट नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकर, एका पायावर उड्या, मधे उंबरठा. पहिल्या दिवशी ती वेळेवर पोचायची. मग पोचेना. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तिथून रजा काढून आले. चादरी बदलायच्या, तिला पुसायचं, कूस बदलायची. तिने माझ्यासाठी हे किती वर्षं केलं असेल. पण मी तिच्यासाठी करत होते तेव्हा तिने चेहरा भिंतीकडे फिरवला होता.

"बँकेतल्या बाईंना आत सोडू नकोस," ती म्हणाली. त्या रोज फळं घेऊन यायच्या आणि दारातच रडायच्या. "त्यांनी आधीच ब्रेक दाबलाय. आता हे बघून सायकल विकतील."

बाबा त्यांच्या परीने झटत होते. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत होते. मग त्यांनी झाकणात जुलाब थांबवायच्या गोळ्या टाकल्या. जुलाब खरंच कमी झाले, आणि आईचं पोट फुगलं. टणक, नगाऱ्यासारखं. अंगात ताप चढला. तिने बोलणं बंद केलं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. आईने पाय मोडताना विनोद केला होता, भूल उतरताना केला होता. आता ती नुसतीच बघत होती, आणि डोळे खोल गेले होते.

इस्पितळात परत नेलं. सलाईन लावलं, रक्त काढलं, पोटाचा फोटो काढला. पायाची जखम उघडून पाहिली तर ती पूर्वीइतकीच सुंदर होती. त्या सगळ्या शरीरात तेवढी एकच जागा तक्रार न करता बरी होत होती.

डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर पोटाचे डॉक्टर. ते मागे उभे राहिले, बोलल्या त्याच. खाटेच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी.

"काकू, एक नीट आठवून सांगा. ऑपरेशनच्या त्या एका डोसनंतर कुठलं अँटिबायोटिक घेतलंत? कुठलंही, कुणीही दिलेलं?"

मी म्हणाले, "नाही. तुम्ही लिहिलंच नव्हतं."

"मी काकूंना विचारतेय."

आईने ओठांवरून जीभ फिरवली. "नाही," ती म्हणाली.

तिने तो शब्द फार पटकन म्हटला. मी दिवसभर लोकांना विचारत असते, हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का. खरंच दिसलं म्हणून 'हो' म्हणणारा आणि लाजेने 'हो' म्हणणारा यांतला फरक मला कळतो. आईने बाबांकडे पाहिलं नाही, मुद्दामच पाहिलं नाही. आणि बाबांनी खाटेचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"नसेल घेतलं तर मला दुसरीकडे शोधावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात वेळ जाईल. शौचाची तपासणी करायची आहेच, पण अहवाल यायला उद्या उजाडेल. घेतलं असेल तर मी आत्ता औषध सुरू करते. काकूंच्या पोटाला थांबायला सवड नाही. आतडं आणखी फुगलं तर कापून काढायची पाळी येते, आणि या वयात..." त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. "एका डोसनंही कधी कधी असं होतं, पण फार क्वचित. म्हणून विचारतेय."

"नाही म्हटलं ना," आई म्हणाली. तिला दम लागला होता.

"दिलं," बाबा म्हणाले.

आवाज मोठा निघाला, काउंटरवरून मागच्या माणसाला ऐकू जावा तसा. शेजारच्या खाटेवरची बाई वळून पाहू लागली. मग बाबांनी सांगितलं. कॅप्सूलचं नाव, किती ताकदीची, दिवसातून किती वेळा, केव्हा सुरू केली, केव्हा संपली. पुढे म्हणाले, "आणि जुलाब थांबवायच्या गोळ्याही मीच दिल्या." सगळं ओळीने, न अडखळता. एवढं नीट बोलणारा आरोपी मी पाहिला नव्हता.

पोटाचे डॉक्टर बाहेर गेले आणि नर्सला काहीतरी सांगू लागले. डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही स्वतः दुकानदार आहात, काका," एवढंच म्हणाल्या.

"म्हणूनच दिलं," बाबा म्हणाले. "अर्धा कोर्स सोडला की जंतू शिरजोर होतात. मी जन्मभर लोकांना हेच सांगत आलोय. अर्ध्यावर सोडलेला माणूस मी पाहिलाय. त्याचा पाय पाहिलाय."

"ते खरं आहे. पण त्याला रोग झालेला होता. रोग असतो तेव्हा कोर्स असतो. इथं रोगच नव्हता हो. ज्याचा एकच डोस असतो त्याचा पुरा कोर्स म्हणजे तो एकच." त्यांनी आईच्या पायावरची चादर नीट केली. "तो आम्ही पुरा दिला होता."

बाबांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर ते टेकून उभे होते, ती खोटी ठरली असती तर ते भांडले तरी असते. ती खरीच होती, फक्त इथली नव्हती.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. तपासणीत तोच जंतू निघाला, बाकीचे मेल्यावर मोकळ्या रानात माजणारा. आईला वेगळ्या खोलीत हलवलं. आत जाताना अंगावर गाऊन, हातात मोजे. बाहेर येताना ते काढून हात साबणाने धुवायचे. तो जंतू इतरांना लागू नये म्हणून. बाबा बाहेरच्या बाकावर बसायचे. आत यायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती.

"आत जा ना," मी म्हणाले.

"तुझी आई झोपलीय."

"जागी आहे. विचारत होती."

"काय विचारत होती?"

"हे जेवले का, म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. बाकाच्या फटीत कुणीतरी गोळीच्या स्ट्रिपचा रिकामा तुकडा खोचून ठेवला होता, कात्रीने सरळ कापलेला. बाबांनी तो काढला, उलटसुलट पाहिला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी तो उठून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परत येऊन बसले.

"माझं एक वेळ सोड," थोड्या वेळाने म्हणाले. "पण ती खोटं का बोलली? तिला माहीतच नव्हतं ना, मी काय देत होतो ते. मग 'नाही' म्हणाली तर ते खोटं नाही. पण तिने खोटं बोलल्यासारखं म्हटलं."

"तिलाच विचारा."

ते उठले. गाऊन उलटा घातला, मी तो सुलटा करून दिला. मोज्यांमध्ये त्यांची बोटं शिरेनात. आत गेले, मी दाराशी उभी राहिले.

आई उशांना टेकून बसली होती. त्या सकाळपासून पोट जरा मऊ पडलं होतं आणि ताप उतरणीला लागला होता. डॉक्टरांनी अजून 'धोका टळला' म्हटलं नव्हतं, पण 'बघू' म्हणाले होते. या एका वेळी बाबांनी 'काय बघू' असं विचारलं नव्हतं.

"गाऊन शोभतोय," आई म्हणाली. आवाज कागदासारखा पातळ.

"तुला माहीत होतं?" बाबांनी एकदम विचारलं.

"काय?"

"झाकणात काय होतं ते."

"तुम्ही जेवायला घरी यायचात तेव्हा दुकानात कोण बसायचं इतकी वर्षं? निम्मी लाल, निम्मी पांढरी. तो दाढीवाला सुतार न्यायचा त्याच्या बोटासाठी. पहिल्याच दिवशी ओळखली मी."

"मग घेतलीस का?"

"तुम्ही झोपत नव्हतात. ऑपरेशनच्या आधीपासून. मी डोळे मिटून पडायचे, आणि तुम्ही टॉर्च घेऊन माझ्या पायाची बोटं बघायचात, काळी पडली का म्हणून. ज्या दिवशी ती लाल-पांढरी घेतली, त्या दिवशी घोरलात तुम्ही." तिने श्वास घेतला. "म्हटलं, एक कॅप्सूल गिळून ह्यांना झोप लागत असेल तर गिळावी. माझं काय जातंय?"

"जात होतीस तू. तूच जात होतीस!" बाबा ओरडले, आणि मग त्यांना ओरडता येईना.

आई त्यांना रडू देत होती. तिने 'असू दे' म्हटलं नाही, 'तुमची काय चूक' असंही म्हटलं नाही. बाबा खाटेच्या कडेशी उभ्याउभ्या रडत होते आणि मोज्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते, हात लावायचा नाही असं नर्सने बजावलं होतं. शेवटी आईनेच चादरीचं टोक पुढे केलं. मग तेही चालणार नाही हे आठवून मागे घेतलं.

"तुम्ही 'धरलंय' म्हणालात, आणि मी न विचारता गिळून तेच म्हटलं," ती म्हणाली. "दोघांनी सोडलेलं होतं."

तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली. पोटातल्या त्या जंतूवरचं औषध. तेही अँटिबायोटिकच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा बाकावर कितीतरी वेळ स्वतःशीच मान हलवत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुद्दाम सांगितलं होतं, "याचा मात्र पुरा कोर्स, काका. एकही चुकवायची नाही." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. बाबांनी तो शोधला असता तरी सापडला नसता.

नर्सने कॅप्सूल छोट्या कागदी पेल्यात टाकली आणि आईपुढे धरली.

"ह्यांच्याकडे द्या," आई म्हणाली.

बाबा मागे सरकले. "नको. सिस्टर देतील. त्यांचं काम आहे."

"सिस्टर घरी येणार आहेत का माझ्याबरोबर?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पेला बाबांच्या हातात दिला, आणि ते तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, भरलेला असावा तसा. मग एक पाऊल पुढे आले. दुसऱ्या हातात पाणी घ्यायची सवय होती, म्हणून त्यांनी पाण्याचा पेला शोधला आणि घेतला. घरच्यासारखेच उभे राहिले.

आईने कॅप्सूल बोटांत धरली आणि उजेडाकडे नेली.

"नाव काय हिचं?" तिने विचारलं.

"व्हँकोमायसिन."

"कशासाठी?"

"पोटात तो जंतू वाढलाय. त्याच्यासाठी."

"तो का वाढला?"

नर्स खिडकीकडे वळली. बाबा बोलले तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली होता की मला दारातून जेमतेम ऐकू आला.

"मी दिलेल्या औषधानं."

आईने मान हलवली. हो, एवढंच. "कोणी लिहून दिलीय?"

"डॉक्टरांनी. कागदावर आहे. बघ हवं तर."

"बघते." तिने हात पुढे केला, नर्सने खाटेशी लावलेला कागद काढून दिला. चष्मा टेबलावर होता, मी पुढे होऊन तो तिच्या नाकावर बसवला. तिने कागद वाचला, सावकाश, ओठ हलवत. बाबांनी तोपर्यंत पेला खाली घेतला नाही.

"जेवणाआधी की जेवणानंतर?"

"कधीही चालते," बाबा म्हणाले.

"बरं," आई म्हणाली, आणि पाण्यासाठी हात पुढे केला.